लेक कितव्या फेरीत?

सांगलीच्या मार्केट यार्डात मनातलं तोंडावर न आणणारे अडते पुष्कळ आहेत. तो धंद्याचाच भाग आहे. पण सुकुमार मगदूमांनी त्यात जी गती मिळवली होती, तिला तोड नव्हती. हळदीचा ढीग मनापासून आवडला की त्यांचं तोंड कारल्याचा रस प्यायल्यासारखं व्हायचं, आणि माल टाकाऊ निघाला की ते मालकाच्या मुलाबाळांची प्रेमाने चौकशी करायचे. शैलजाबाईंना बघायला गेले तेव्हाही त्यांनी तेच कारल्याचं तोंड केलं होतं. मुलगी नापसंत आहे असं समजून सासऱ्यांनी पोह्यांच्या बश्या आत न्यायला सांगितल्या, तेव्हा कुठे मगदूम घाईघाईने 'हो' म्हणाले.

अशा माणसाचा सबंध वर्षात एकच व्यवहार उघड असायचा, आणि तो माडीवर व्हायचा.

यार्डातल्या आठ पेढ्या मिळून दर वर्षी फँटसी लीग खेळायच्या. महिलांची वीस षटकांची राष्ट्रीय लीग सुरू व्हायच्या आधी आठही मालक मगदूमांच्या माडीवर जमायचे आणि खऱ्या खेळाडूंमधून आपापला कागदी संघ निवडायचे. पाळीपाळीने एकेक नाव. एकाने घेतलेली खेळाडू दुसऱ्याला नाही. मग हंगामभर त्या मुली मैदानावर ज्या धावा काढतील, जे बळी घेतील, त्यांचे गुण इकडे मांडायचे. पैशाचा संबंध नव्हता. पैशासाठी खाली पेढी होती. जिंकणाऱ्याला पितळेचा भलामोठा हळदीचा गड्डा वर्षभर गल्ल्याशेजारी मिरवायला मिळायचा, आणि तो शेजारच्या पेढीत बघताना होणारी जळजळ कुठल्याही औषधाने थांबायची नाही.

मगदूमांच्या गल्ल्याशेजारी तो गड्डा कधी आला नव्हता. कारण दर वर्षी पहिल्या फेरीत, यादीवर नजरही न टाकता, ते आपल्या लेकीला घ्यायचे.

लेक म्हणजे प्रणाली मगदूम, कोयना संघाची वेगवान गोलंदाज. पोरगी चांगली होती, पण पहिल्या फेरीची? "मगदूमांची पहिली फेरी म्हंजे माहेरचा आहेर," असं चौगुले पेढीचे बाबगोंडा दर वर्षी म्हणायचे, माडी दर वर्षी हसायची, आणि मगदूम दर वर्षी हरायचे. लेकीचा आहेर नफ्यातोट्यात मांडायचा नसतो, एवढा हिशेब त्यांना येत होता.

वेगवान गोलंदाज कितव्या फेरीत घ्यावा, यावर यार्डात एके काळी दुमत नव्हतं. शेवटी. अगदी शेवटी. फलंदाज म्हणजे सुकी हळद. कोठारात टाका, विसरा, सहा महिन्यांनी काढा, तेवढीच भरेल. गोलंदाज म्हणजे ओला माल. आज झळाळी, उद्या बुरशी. पहिल्या फेरीत घेतलेली गोलंदाज तिसऱ्या सामन्यात कंबर धरून बाहेर गेली की सबंध हंगाम तिच्या नावापुढे शून्य मांडत बसा.

मग 'ठणक' आलं आणि सगळा बाजार उलटापालटा झाला.

वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार टाचेतून वर चढतो. नेमक्या त्याच क्षणी कंबर वाकलेली असते आणि पिळलेलीही. तो सगळा पीळ कमरेच्या खालच्या मणक्यातल्या एका बारीक हाडाच्या पुलावर येतो, आणि प्रत्येक चेंडूला त्या पुलात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. हाड जिवंत असतं. विश्रांती मिळाली की ते या भेगा स्वतःच बुजवतं. म्हणजे एकीकडे भेगा पडताहेत, दुसरीकडे बुजताहेत. पडणं बुजण्याच्या पुढे गेलं की एके दिवशी पूल तुटतो. पूर्वी हे कळायचं ते दुखायला लागल्यावर, आणि दुखायला लागलं म्हणजे वेळ गेलेली असायची.

नवा शोध होता तो ऐकण्याचा. माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो. चिरलेला माठ बद्द वाजतो. हाडही प्रत्येक आदळीला वाजतं. माणसाच्या कानाला ते ऐकू येत नाही, यंत्राला येतं. यष्टीजवळच्या मायक्रोफोनमधून 'ठणक' नावाचं ॲप तो नाद उचलायचं आणि प्रत्येक गोलंदाजापुढे एक आकडा दाखवायचं: उरलेली षटकं. हाड तुटेपर्यंत आणखी किती षटकं टाकता येतील, त्याचा अंदाज.

झालं. ज्यांचा आकडा मोठा अशा गोलंदाज रातोरात पहिल्या फेरीत जाऊन बसल्या. पण 'ठणक' आठही पेढ्यांकडे होतं, आणि जो भाव सगळ्यांना ठाऊक त्यात कमाई कसली? तेव्हा यार्डाची नजर 'ठणक'ला जे कळत नव्हतं त्याच्याकडे वळली. त्याला भेगा पडल्याचं ऐकू यायचं, बुजल्याचं नाही. त्यासाठी खेळाडूच्या बुटात दिवसभर बसणारी पातळ पट्टी लागायची. त्या पट्टीचा आकडा खरा. आणि तो कायद्याने फक्त खेळाडूचा, संघाचासुद्धा नाही. खेळाडूला वाटलं तर तिने एका विश्वासू माणसाला तो बघायची किल्ली द्यावी, इतकंच.

म्हणून मग लोक खेळाडूंचे नातेवाईक बघायला लागले. कोण आपल्या बहिणीला कितव्या फेरीत घेतोय, कोणी पुतणीला वगळलं. देशभरातल्या फँटसी याद्या सगळ्यांसाठी खुल्या असायच्या आणि संघांचे मालकही त्या वाचायचे. गेल्या साली बडोद्याच्या एका गोलंदाजाला तिच्या सख्ख्या मेव्हण्याने घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत बोभाटा झाला, आठवड्यात तिचा करार गेला. पुढे कळलं, हाड खणखणीत होतं. मेव्हण्याचं आणि तिचं पार्किंगच्या जागेवरून बिनसलं होतं.

प्रणालीच्या आकड्याची किल्ली मगदूमांकडे होती.

दोन वर्षांपूर्वी ती स्वतःच रोज सकाळी आपला आकडा बघायची. आकडा चांगला होता, तरी बघायची. हळूहळू ती ओल्या फरशीवरून चालल्यासारखी धावत यायला लागली. वेग गेला, मग संघातली जागा गेली. तेव्हा तिने आकडा बंद केला आणि किल्ली बापाच्या हातात ठेवली.

"अप्पा, तुम्ही बघत जा. मी विचारलं तरच सांगायचं. एरवी एक अक्षर नाही."

"आणि तू विचारलंच नाहीस तर?"

"तर मी निवांत गोलंदाजी करीन."

मगदूमांनी शब्द दिला. आणि तिने खरंच विचारलं नाही. निवांत झाली, वेगवान झाली, परत संघात आली. यंदा तर पाचव्या सामन्यानंतर भारताचा संघ निवडला जाणार होता आणि तिच्या नावाची चर्चा होती.

'ठणक' तिच्यापुढे भरघोस आकडा दाखवत होतं. पट्टीचा आकडा मात्र दोन सलग दौऱ्यांनंतर घसरत घसरत तीसवर आला होता. हंगामात दहा सामने, सामन्याला चार षटकं. गणित करायला अडत्या असायची गरज नव्हती. सराव सोडला तरी आठव्या सामन्यात कुठेतरी तो पूल तुटणार होता. आणि तिथे तुटलेला पूल सांधला तरी त्यावरून पहिल्यासारखी गाडी धावेलच असं नाही.

दोन दिवसांसाठी घरी आलेली प्रणाली त्या सकाळी थालीपिठावर लोणी थापत होती. शैलजाबाई जयसिंगपूरला बहिणीकडे गेल्या होत्या, त्यामुळे थालीपीठ मगदूमांनी केलं होतं आणि ते कडेने करपलेलं, मध्ये कच्चं होतं.

"मग अप्पा, आज परत पहिल्या फेरीत आहेर?"

"बघू," मगदूम म्हणाले.

प्रणालीचा हात थांबला. आठ वर्षांत या प्रश्नाला 'बघू' असं उत्तर आलं नव्हतं. मगदूमांनी घाईघाईने दुसरं थालीपीठ तव्यावर टाकलं आणि तेही करपवलं.

त्यांना तिला ओरडून सांगायचं होतं. पण शब्द दिला होता, आणि यार्डात शब्द मोडलेल्या माणसाशी कोणी पहाटेचा चहासुद्धा घेत नाही. बरं, नुसता शब्दाचा प्रश्न असता तर त्यांनी तो मोडला असता, चहा घरी घेतला असता. पण न विचारता सांगितलं आणि ती पुन्हा ओल्या फरशीवरून धावायला लागली तर? मग हाड राहील आणि पोरगी जाईल. आणि आज माडीवर काय करायचं? तिला नेहमीप्रमाणे पहिल्या फेरीत घेतलं, तर ती समजणार सगळं ठीक आहे, आणि उद्या जाऊन जीव तोडून चेंडू टाकणार. घेतलं नाही, तर दुपारपर्यंत सबंध देशाला कळणार की मगदूमच्या पोरीच्या हाडात खोट आहे. जन्मभर तोंड झाकून सौदे केलेल्या माणसावर अशी वेळ आली की घेतलं तरी बोलून जाणार, नाही घेतलं तरी.

माडीवर गाद्या घातल्या होत्या. आठ पेढ्यांचे आठ मालक, मध्ये चौरंग, चौरंगावर पांढरा रुमाल.

हा रुमाल म्हणजे यार्डाची जुनी रीत. पूर्वी हळदीचा सौदा तोंडाने होत नसे. दोघांचे हात रुमालाखाली जायचे आणि भाव बोटांनी बोलला जायचा. बोटं धरली की एकम, मूठ दाबली की दहापट. मनगट झटकलं म्हणजे नामंजूर. आणि अंगठा समोरच्याच्या तळहातावर रुतवला म्हणजे: खरा भाव सांगा. बाजूला शंभर माणसं उभी असली तरी कोणाला पत्ता लागायचा नाही. आता हळदीचे लिलाव पडद्यावर होत होते, पण आपल्या खेळात या लोकांनी रुमाल सोडला नव्हता. यादीत प्रत्येक खेळाडूला क्रमांक. निवडणाऱ्याने रुमालाखाली बोटांनी क्रमांक द्यायचा, रुमाल धरणाऱ्याने नाव पुकारायचं. पुकारलेलं नाव परत नाही.

"यंदा रुमाल प्रणालीनं धरायचा," बाबगोंडा चौगुलेंनी जाहीर केलं. "भारताकडनं खेळायला लागली की आमच्या माडीवर कशाला यील? आत्ताच मान घिऊन टाकू."

बाबगोंडांचा चांगुलपणा कधीच सुट्टा नसतो. त्याबरोबर काहीतरी घ्यावं लागतं. मगदूमांना ते तात्काळ दिसलं. मगदूमांचं तोंड वाचता येत नाही हे बाबगोंडांना तीस वर्षं ठाऊक होतं. पण पोरीचं तोंड? बापाचा हात हातात आल्यावर पोरीचं तोंड बघायला बाबगोंडा चौरंगासमोरच ऐसपैस बसले होते.

प्रणाली हसत चौरंगापाशी बसली. चिठ्ठ्या निघाल्या. मगदूमांना आठवा, म्हणजे शेवटचा नंबर आला.

"म्हंजे लागोपाठ दोन घ्यायची," बाबगोंडा म्हणाले. यार्डात हिला नांगरफेरी म्हणायचे. बांधाला पोचलेले बैल जसे तिथूनच वळतात, तशी पहिल्या फेरीत शेवटचा असलेला माणूस दुसऱ्या फेरीत पहिला.

शेवटचा नंबर. मगदूमांच्या मनात एकदम काहीतरी उजळलं. आधी सात जण घेणार होते. त्यांतल्या एकाने, एकाच कोणीतरी, प्रणालीला उचललं तर? मग आपल्यावर काही येतच नाही! 'ठणक'वर तिचा आकडा काय वाईट होता?

पहिला हात बाबगोंडांचा गेला. रुमाल हलला. प्रणालीने पुकारलं, "चौगुले पेढी. दीपिका राजपुरोहित." जयपूरची सलामीवीर. सुकी हळद.

दुसऱ्याने गोलंदाज घेतली, पण पंजाबची. तिसऱ्याने यष्टिरक्षक. मगदूम अस्वस्थ झाले. त्यांनी ठेवणीतलं कारल्याचं तोंड काढलं, मग चौथ्याकडे बघून अगदी सहज म्हणाले, "कोयनेच्या गोलंदाज यंदा फॉर्मात आहेत म्हणे."

"व्हय की," चौथा म्हणाला आणि नागपूरची फिरकीपटू घेऊन मोकळा झाला.

पाचव्याच्या वेळी मगदूमांनी प्रणालीच्या मागच्या हंगामातल्या बळींचा विषय काढला. पाचवा हात जोडून म्हणाला, "मगदूम, लाजवू नका. तुमच्या लेकीला आम्ही घ्यायचं? एवढे नीच न्हाई आम्ही."

माडी हसली. आठ वर्षं प्रेमाने केलेला एक मूर्खपणा आता कायदा झाला होता: मगदूमांच्या लेकीला हात लावायचा नाही. सहाव्याने फलंदाज घेतली. उरल्या फक्त यास्मिन मुजावर. मिरची-हळद दळून दुबईला पाठवणारी ही बाई, यार्डातली एकमेव माणूस जिच्यासमोर मगदूमांना स्वतःचं तोंड अपुरं वाटायचं. यास्मिनबाईंनी हात रुमालाखाली घालायच्या आधी मगदूमांकडे जरा जास्तच वेळ बघितलं. आणि तेवढ्या वेळात मगदूमांच्या लक्षात आलं की समजा हिने प्रणालीला घेतलं, तर सुटणार कोण? आपण. पोरगी तशीच उद्या मैदानावर जाणार, तशीच आठव्या सामन्याला पोचणार. आपण कातडी वाचवायला लेक दुसऱ्याच्या ढिगात ढकलत होतो.

यास्मिनबाईंनी केरळची अष्टपैलू घेतली.

"मगदूम पेढी," प्रणाली म्हणाली आणि रुमाल उचलून धरला.

मगदूमांनी हात आत घातला. लेकीचा हात हातात आला. चेंडूच्या शिवणीने बोटांच्या पेरांवर घट्टे पडलेले. आता फक्त तिचा यादीतला क्रमांक द्यायचा; बोटांना तो पाठ होता. पण बोटं हललीच नाहीत. लाकडी ओंडका ठेवावा तसा हात तिच्या तळहातावर पडून राहिला.

प्रणाली थांबली. मग तिने मान वर करून बापाकडे बघितलं. ते कारल्याचं तोंड. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. पण सकाळचं 'बघू' होतं, दोन करपलेली थालीपिठं होती, आणि आता हा ओंडका होता.

रुमालाखाली तिचा अंगठा त्यांच्या तळहातावर रुतला. जोरात.

तिने विचारलं होतं.

ती यार्डात वाढलेली पोरगी. शाळेतून सुटली की ढिगांवर बसायची, रुमालाखालचे सौदे खेळ म्हणून शिकली होती. खेळाडूचा क्रमांक विचारायला कोणी अंगठा रुतवत नाही.

मगदूमांनी तिची तीन बोटं धरली आणि मूठ दाबली. तीस.

तिने मनगट झटकलं.

मगदूमांना क्षणभर कळेना. नामंजूर? आकडा नामंजूर? आणि मग कळलं. पोरगी भाव करत होती. यार्डात पहिला आकडा कोणी खरा सांगत नाही. पहिला आकडा म्हणजे फुगवलेला, घासाघिशीला जागा ठेवून सांगितलेला. मगदूमांनी तर आयुष्यात एकदाही पहिल्या दमात खरा भाव सांगितला नव्हता, आणि हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? बापाने धीर द्यायला तीस सांगितले, म्हणजे खरे वीस असतील. की पंधरा? की दहाच? ती खालचा आकडा मागत होती. तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

मगदूमांनी पुन्हा तीन बोटं धरली. मूठ. तीस.

झटका. आधीपेक्षा जोरात. रुमालाचं टोक उडालं.

"काय ओ," बाबगोंडा गुडघ्यावर पुढे झाले, "बापलेकीत कसली घासाघीस एवढी? क्रमांक सांगायचा हाय का घर विकायचंय?"

सात जोडी डोळे रुमालावर आले. कोणीतरी खिशातून फोन काढला. 'ठणक' उघडत असणार.

"तुम्हाला काय कळणार चौगुले, तुम्हाला दोन्ही मुलगेच," यास्मिनबाई म्हणाल्या. त्यांनी पानाचा डबा उघडला, जणू बघण्यासारखं काही चाललेलंच नाही. "बाप म्हणत असेल, हंगाम संपला की स्थळं बघू. पोरगी म्हणतेय, नामंजूर. माझ्या थोरलीने तर माझं मनगट मुरगाळलं होतं."

हशा उसळला. बाबगोंडासुद्धा हसले, कारण न हसणं वाईट दिसलं असतं. फोन परत खिशात गेला.

तेवढ्या अवधीत मगदूमांनी तिसऱ्यांदा तीच तीन बोटं धरली, तीच मूठ दाबली. आणि हेही ती मानणार नाही हे त्यांना कळलं, कारण मानायला तिच्याकडे कारणच नव्हतं. या तोंडावर कोणी का विश्वास ठेवावा? तेव्हा त्यांनी तोंड सोडून दिलं. चाळीस वर्षं आवळून धरलेलं सगळं ढिलं झालं. कपाळ, गाल, ओठ. मागून जो बाहेर आला तो एक घाबरलेला, पोरीवर जीव असलेला, साधा बाप होता, आणि तो सरळ तिच्या डोळ्यांत बघत होता.

हे तोंड माडीवरच्या सगळ्यांनीच पाहिलं. पण ते त्यांनी आजवर कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे त्याचा भाव कोणालाच कळला नाही. एक जण तर शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "ॲसिडिटी हाय वाटतं."

प्रणालीला मात्र कळलं. तिचं मनगट सैल झालं. तीस म्हणजे तीसच. बापाने पहिल्या दमात खरं सांगितलं होतं.

तिने एक लांब श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात पुकारलं, "मगदूम पेढी. पहिली फेरी. प्रणाली मगदूम!"

"आला! आहेर आला!" माडी दणाणली. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी मगदूमांच्या पाठीवर थाप मारली. देशभरच्या याद्यांत एक साधीसुधी ओळ चढली: बापाने लेकीला घेतलं, नेहमीसारखं.

"दुसऱ्या फेरीआधी चहा," प्रणाली म्हणाली आणि उठून सरळ सज्जात गेली. मगदूम चप्पल न घालताच तिच्या मागे गेले.

खाली यार्डात ढिगांवर ढीग होते आणि विजेच्या गाड्या त्यांच्यामधून आवाज न करता फिरत होत्या. प्रणालीने कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

"मला वाटलं बारा असतील," ती म्हणाली.

"तीसच आहेत. कसम."

"तुम्ही पहिल्यांदाच खरं कशाला सांगितलंत? जीव गेला माझा."

"घोटाळा झाला," मगदूम म्हणाले. "सवय नाही ना."

ती हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मग एकदम सरळ झाली. "थांबले तर वाढतील?"

इथे मगदूमांची तयारी होती. महिनाभर त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. "पहिले चार सामने बसलीस तर. नुसतं बसायचं नाही, पोहायचं, चालायचं, पण आदळायचं नाही. आणि बसायचं ते आत्ताच, आकडा आणखी घसरला की हाड भरून निघत नाही. तेवढ्यात हाड जे भरून काढेल, ते धरून पुढचे सहा सामने, सरावासकट, पार पडतात. काठावर, पण पार पडतात. मी तीन तऱ्हांनी काढून बघितलंय."

"आणि पाचव्या सामन्यानंतर निवड."

"हो."

"म्हणजे निवडीआधी मला एकच सामना."

मग मगदूमांमधला अडत्या न राहवून पुढे सरकला. "दळवी मॅडमना खरं कशाला सांगतेस? पोट बिघडलं म्हण. मग पाय मुरगळला म्हण. चार सामने सहज निघतात. आकड्याचं कोणाला कळत नाही, करार शाबूत राहतो, जागाही—"

"अप्पा."

"मी आपलं सुचवलं."

"पोट बिघडलं म्हणून सांगितलं तर दुसऱ्या सामन्याला त्या मला बोलावतील, आणि मी जाईन. मी मला ओळखते. नाही म्हणायला मला खरंच कारण लागेल."

तिने फोन काढला आणि कोयनेच्या प्रशिक्षक दळवी मॅडमना लावला. मगदूमांनी तिचा हात धरायला हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. शब्द त्यांनी पाळला होता, आकडा आता तिचा होता.

"मॅडम, प्रणाली. मला पहिले चार सामने नको आहेत... नाही, घरी सगळे ठीक आहेत. माझा पट्टीचा आकडा तीस आहे. तीस षटकं... हो, मीच सांगतेय, कायदा मला माहिती आहे."

पलीकडून दळवी मॅडमचा करडा आवाज मगदूमांनाही ऐकू आला. "स्कॅन केलास?"

"त्यात अजून काही दिसणार नाही."

"दुखतंय का कुठे?"

"नाही मॅडम, दुखत नाहीये. म्हणूनच आत्ता सांगतेय."

"हे बघ मगदूम, एवढ्या वर्षांत मला हे आपणहून कोणी सांगितलेलं नाही. पण म्हणून मी तुझी जागा धरून ठेवणार नाही. चार सामन्यांत दुसरी कोणी चमकली, तर तीच खेळेल. निवड समितीपुढे तीच उभी राहील. समजलं?"

"नका धरून ठेवू," प्रणाली म्हणाली. "मी येऊन घेते."

फोन बंद झाला. ती जागच्या जागी दोनदा उडी मारणार होती. मग कमरेची आठवण होऊन तिने नुसतेच तळवे एकमेकांवर घासले. तिचे गाल तापले होते. मगदूमांनी ही पोरगी लहानपणी पहिला बळी मिळवून घरी आली होती तेव्हा अशी बघितली होती, आणि त्यानंतर आत्ता.

आतून बाबगोंडांचा आवाज आला. "मगदूम! चहा गार झाला! दुसरी फेरी तुमचीच हाय, बोला की!"

"जा अप्पा," प्रणाली म्हणाली. "आणि यंदा जरा बघून घ्या."

"कोणाला घेऊ?"

"माझ्या जागी चार सामने वसईची ग्रेस तुस्कानो खेळेल. अजून कोणी तिचं नावही ऐकलेलं नाही. वेग माझ्याइतकाच."

मगदूम दाराकडे वळले आणि परत फिरले. "ते नाव घेतलं तर बाबगोंडा चहा संपायच्या आत सगळं ओळखेल."

"ओळखू दे. मी सांगून बसलेय."

"बरं, आणि चार सामन्यांनंतर ही ग्रेस माझ्या काय कामाची?"

"काही कामाची नाही," प्रणाली म्हणाली. "पाचव्यापासून तिला बाकावर बसवायचंय मला."